सातवी पायरी

पाणी कुठवर आले होते हे सांगताना आजी नेहमी जिन्याकडे हात करीत असे. तो जिना, तो ज्या वाड्यात होता तो नारायण पेठेतला वाडा आणि वाड्याचा चौक हे सगळे माझ्या जन्माआधीच पाडले गेले, तिथे चार मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आल्या. तरी आजीचा हात दर वेळी त्याच दिशेला जाई आणि तिथे आता लिफ्टचे दार आहे. "सातव्या पायरीपर्यंत," ती म्हणे, "आणि जिना बारा पायऱ्यांचा." १२ जुलै १९६१, बुधवार, पानशेतचे धरण फुटले तो दिवस. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती आणि सून म्हणून वाड्यात येऊन तिला जेमतेम वर्ष झाले होते. त्या सात पायऱ्या कागदावर नीट उतरवायला मला किती काळ लागला आणि त्या वाटेवर जपानी चित्रकथांनी, म्हणजे मंगाने, मला कुठे हात दिला व कुठे चकवले, ते सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

लहानपणी दूरचित्रवाणीवर हिंदीत डब केलेल्या जपानी मालिका लागत, आणि त्या पाहणाऱ्या माझ्या वयाच्या असंख्य मुलांप्रमाणे मीही वहीच्या मागच्या पानांवर मोठमोठे डोळे काढीत असे. डोळ्यात तीन पांढरे ठिपके, नाक म्हणजे एक टिंब आणि केस म्हणजे वाऱ्याने फाटलेली केळीची पाने, एवढे जमले की चित्र जपानी झाले, अशी माझी समजूत होती. शाळेत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी चालू असताना स्मरणचित्रासाठी मी मंडई निवडली आणि भाजीवालीलाही तेच डोळे दिले. सरावाचा कागद पाहून चित्रकलेच्या बाईंनी विचारले, "ही मेथी विकते आहे, की हिला साक्षात्कार झाला आहे?" वर्ग हसला, मीही हसले आणि परीक्षेत पुन्हा तेच डोळे काढून क श्रेणी घेऊन घरी आले. त्याच परीक्षेतले अक्षरलेखन मला फार कंटाळवाणे वाटे. पुढे माझे निम्मे काम अक्षरांशी झगडण्याचे असणार आहे हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर निदान पट्टी तरी नीट धरली असती.

बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीला प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षी मी एका चित्रकथेसाठी सहा पात्रांचा तक्ता तयार केला होता आणि तो वर्गात मोठ्या अभिमानाने टांगला होता. आमचे सर जवळ आले, त्यांनी एकेका चेहऱ्याचे डोळे दोन बोटांनी झाकून पाहिले आणि विचारले, "हे सहा जण डेक्कनच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभे असले, तर कोण कसा उभा राहील?" मला उत्तर देता आले नाही, कारण माझी सहाही माणसे एकाच माणसासारखी उभी होती; फरक होता तो केसांचा आणि कपड्यांचा. त्यानंतर महिनाभर मी रोज संध्याकाळी खरोखरच त्या स्टॉपवर जाऊन रेखाटने केली. जड पिशवी उजव्या हातात असली की डावा खांदा वर जातो, बस दिसली की माणूस आधी पाऊल उचलतो आणि मग पाटी वाचतो, छत्री मिटलेली असली तरी काही जण ती उघडी असल्यासारखी धरतात, अशा गोष्टींनी दोन वह्या भरल्या. त्या वह्यांत जपानचे काहीही नव्हते. तरीही मंगाच्या अभ्यासाची खरी सुरुवात मी तिथूनच मोजते.

साधनांची कथा वेगळी. जपानी चित्रकार पेन्सिलीच्या चित्रावर शाई फिरवताना ज्या टाकाने काम करतात त्याला जी-पेन म्हणतात. त्याचे पाते लवचीक असते. दाब दिला की त्याची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड होते, हात हलका केला की तीच रेघ केसासारखी बारीक होत संपते. नोकरीनिमित्त जपानला गेलेल्या एका मैत्रिणीच्या भावाने मला दहा पाती आणून दिली. पहिले पाते शाईत बुडवले, तर शाई त्यावर ठरेचना. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन घसरू लागली. पाते सदोष आहे असे समजून मी ते टाकून दिले, दुसरेही टाकून दिले. पात्याला गंज चढू नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि वापरण्यापूर्वी तो पुसून किंवा पाते क्षणभर ज्योतीवर धरून काढायचा असतो, हे मला तिसऱ्या पात्याला समजले. मग कागदाने छळले. आपल्याकडच्या खरबरीत कार्ट्रिज कागदाचे तंतू पात्याच्या फटीत अडकत आणि रेघेला मिशा फुटत. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत चार प्रकारचे कागद विकत घेऊन पाहिल्यावर गुळगुळीत आयव्हरी शीट उपयोगी पडते असे आढळले. शाई मात्र पहिल्यापासून कॅम्लिनचीच वापरली. दांडेकरांच्या या मराठी कंपनीचा मोठा हिस्सा २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने घेतला, त्यामुळे माझ्या टेबलावरची शाईची बाटली माझ्याआधीच जपानला जाऊन पोहोचली, असा विनोद मी घरी करीत असे. त्यावर बाबांखेरीज कोणी हसत नसे.

सरावाचा क्रम सांगते, कारण नव्याने शिकणारे नेमका तोच टाळतात. एका सेंटिमीटरमध्ये दहा समांतर रेघा, प्रत्येक रेघ जाड सुरू होऊन निमुळती संपणारी, अशी रोज दोन पाने. पट्टीच्या कडेने शाई आत ओढली जाते म्हणून पट्टीखाली दोन नाणी चिकटवायची, म्हणजे ती कागदापासून किंचित उचललेली राहते. हात वळवायचा नाही, कागद फिरवायचा. पुण्याच्या पावसाळ्यात पाती चार दिवसांत तांबूस होतात, म्हणून ती तांदळाचे दाणे घातलेल्या डबीत ठेवायची. सात-आठ महिन्यांनी माझी पावसाची रेघ पावसासारखी दिसू लागली. मी आता बरेचसे काम संगणकावर, क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये करते आणि तिथे चुकलेली रेघ एका क्षणात पुसता येते. तरीही ज्याने शाईने कधी काम केलेले नाही त्याच्या रेघेत एक प्रकारचा बेफिकीरपणा राहतो, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याची मला गरज वाटत नाही.

पदवीनंतर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी भाषेच्या वर्गाला नाव घातले. वर्गात निम्मे लोक सॉफ्टवेअर कंपन्यांतले होते आणि त्यांना बढती हवी होती. मला पुस्तके वाचायची होती. मुलांसाठीच्या मंगामध्ये अवघड चित्रलिपीच्या बाजूला बारीक अक्षरांत तिचा उच्चार दिलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. या सोयीमुळे अगदी कच्चा विद्यार्थीही शब्दकोश घेऊन बसू शकतो. पहिले पुस्तक वाचायला मला तीन आठवडे लागले आणि या मंदगतीचा मोठा फायदा झाला. भरभर वाचताना जी चौकट डोळ्यांखालून निसटते ती या गतीत निसटत नाही. एका पानावर कोणी कोणाची तरी वाट पाहत आहे. पहिल्या चौकटीत किटली, दुसरीत खिडकीची काच, तिसरीत चटईवरचे पाऊल, चौथीत पुन्हा किटली, पण आता वाफेविना. घडले काहीच नव्हते, फक्त वेळ गेला होता, आणि तो गेल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने १९९३ मध्ये चौकटींच्या जोडणीचे सहा प्रकार मांडले. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या बाजूंवर नजर फिरवणारा प्रकार जपानी चित्रकथांत विशेष आढळतो, हे त्याचे निरीक्षण मी नंतर वाचले आणि किटलीचे पान आठवले.

आपण लहानपणी ज्या चित्रकथा वाचल्या त्यांत चौकटीच्या डोक्यावर एक पट्टी असे आणि तिच्यात 'इकडे राजवाड्यात', 'तेवढ्यात', 'काही दिवसांनी' असे शब्द असत. कीर्तनकाराने कथा सांगावी तशी ती पट्टी आपल्याला हाताला धरून पुढे नेई. मला ती आवडते आणि तिला हलके लेखावे असे वाटत नाही. परंतु माझ्या गोष्टींतून 'तेवढ्यात' हा शब्द काढून टाकायचा आणि तरीही वाचकाला 'तेवढ्यात' असे वाटले पाहिजे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. हा एक नियम पाळताना जितके शिकले तितके हजार डोळे काढून शिकले नव्हते.

वाचनाच्या दिशेने मात्र बराच काळ घोळ घातला. जपानी पान उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे उत्कंठा ताणून धरणारी चौकट डाव्या कोपऱ्यात खाली येते आणि तिथून पान उलटते. मराठीत तीच जागा उजव्या कोपऱ्यात. जपानी पाने नुसती उलटी छापली की सगळी माणसे डावखुरी होतात, इंग्रजीतल्या सुरुवातीच्या अनुवादांत असे पुष्कळ डावखुरे वीर झाले आहेत; आणि मला तर छापायचे नव्हते, शिकायचे होते. म्हणून मी पुस्तक कपाटाच्या आरशासमोर धरून पानांची रचना उतरवून घेत असे. आईने हा प्रकार पाहिला आणि काही न बोलता आरसा पुसून दिला.

सर्वांत जास्त झगडा झाला तो संवादाच्या फुग्यांशी. जपानी मजकूर उभा लिहिला जातो, म्हणून त्यांचे फुगे उभ्या अंड्यासारखे असतात आणि अरुंद, उंच चौकटीतही सहज बसतात. मी तसेच उभे फुगे काढले आणि त्यांत 'स्वयंपाकघरातल्या' हा शब्द लिहायला गेले. शिरोरेषा तोडता येत नाही, तोडली तर शब्दाची लाकडे होतात. दोन ओळी जवळ आणाव्यात, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि रफार मध्येच उपऱ्यासारखा लटकतो. अखेरीस फुगे आडवे झाले, चौकटी रुंद झाल्या आणि ज्या उंच चौकटी मला फार आवडत होत्या त्या केवळ मुक्या प्रसंगांसाठी राहिल्या. संवादही बदलले, लांब सामासिक शब्द गळाले आणि आजी बोलते तसे तोडके, जवळचे मराठी फुग्यांत आले. कुजबुजीसाठी मी अक्षरांवर शिरोरेषा देत नाही आणि ओरडण्यासाठी ती करवतीच्या दात्यांसारखी काढते. ही युक्ती मला कोणत्याही जपानी पुस्तकाने शिकवली नाही, कारण त्यांच्याकडे शिरोरेषाच नाही.

ध्वनिदर्शक शब्दांच्या बाबतीत मराठी आणि जपानी या बहिणी वाटाव्यात इतक्या जवळ आहेत. चमकण्याला त्यांच्याकडे किराकिरा आणि आपल्याकडे चमचम. छातीला त्यांच्याकडे दोकिदोकि आणि आपल्याकडे धडधड. ज्याला आवाजच नाही अशा गोष्टींनाही दोन्ही भाषांत नाद आहे: लुकलुकणे, मिणमिणणे, भळभळणे. जपानी चित्रकार तर पूर्ण शांततेलाही 'शीऽन' असा शब्द पानावर काढतात. हे सगळे कळल्यावर मला इतका आनंद झाला की पुढची काही वर्षे माझ्या पानांवर खळकन, धपकन, सपासप, कडाड यांची नुसती दाटी झाली. त्याचे फळ पुढे मिळाले, ते सांगतेच.

२०२० मध्ये सगळेच घरात अडकले तेव्हा मी आजीला पुराचा दिवस पुन्हा सांगायला लावला, या वेळी वही घेऊन. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००७ मध्ये इतर देशांतल्या चित्रकारांसाठी मंगाचा पुरस्कार सुरू केला आहे आणि त्यासाठी किमान २४ पानांची कथा लागते. तो आकडा मी डोळ्यांसमोर ठेवला. आधी 'नेमु' केला. नेमु म्हणजे सगळ्या पानांचा कच्चा, खरडलेला आराखडा. जपानमध्ये संपादक आणि चित्रकार यांची खरी वादावादी त्यावरच होते, पानाचे नीट पेन्सिलकाम त्यानंतरच. माझ्या पहिल्या नेमुमध्ये नवव्या पानावर दोन पाने व्यापणारी प्रचंड लाट होती, फेसासकट. आजीने ती पाहिली आणि म्हणाली, "हा समुद्र आहे. आमच्याकडे नदीचं पाणी आलं होतं."

मग मी पुराची जुनी छायाचित्रे पाहिली, पानशेतनंतर खडकवासल्याची भिंतही गेली तो घटनाक्रम वाचला, वाळूची पोती रचणाऱ्या जवानांची वर्णने वाचली, लकडी पूल पाण्याखाली गेल्याचे वाचले आणि तरीही माझी गोष्ट यातल्या कशाचीच नाही हे लक्षात आले. माझी गोष्ट जिन्याच्या वर उभ्या असलेल्या एका मुलीची होती. टाळेबंदी उठल्यावर विश्रामबागवाड्यात जाऊन सुरूचे लाकडी खांब आणि चौकातला उजेड काढून आणला. पेठेत जे दोन-तीन जुने वाडे उरले आहेत तिथे परवानगी काढून भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यांची मापे घेतली. पायरी सुमारे नऊ इंच उंच. लाट काढून टाकली आणि तिच्या जागी एकाच आकाराच्या पाच चौकटी आल्या: तोच जिना, वरून पाहिलेला, तोच कोन, तीच भिंतीतली दिवळी, आणि दर चौकटीत पायऱ्या कमी. किटलीचे पान मला तिथे फळाला आले.

पुरस्कारासाठी इंग्रजी अनुवाद जोडून कथा पाठवली. ती निवडली गेली नाही. याविषयी आणखी सांगण्यासारखे काही नाही.

दरम्यान पोटापाण्यासाठी मी जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधीचे चौकटीवार आराखडे, काढत होते, मुलांच्या पुस्तकांना चित्रे पुरवत होते आणि लग्नपत्रिकांवर वधूवरांची मंगा शैलीतली चित्रे काढत होते. या शेवटच्या कामाला पुण्यात चांगली मागणी आहे, फक्त नवरीची एखादी आत्या फोन करून "डोळे जरा आवरा" असे सांगते. कॉमिक कॉन या चित्रकथांच्या मेळ्यात टेबल घेतले तेव्हा स्टिकर संपले आणि गोष्टींच्या प्रती तशाच परत आल्या. चित्रकथाकार म्हणून पुण्यात जगता येते का, असे मला नवी मुले विचारतात. चित्रकथेच्या आजूबाजूला पुष्कळ काम आहे आणि त्यातून वाचवलेल्या रात्रींमध्ये चित्रकथा होते, एवढेच मी खरेपणाने सांगू शकते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा पाहायला मागितली. ते वयाने वडीलधारे, चित्रांची जाण असलेले आणि पानांच्या बाबतीत अत्यंत काटकसरी होते. "आमचा फॉर्म सोळा पानांचा, त्यातली दोन जाहिरातींना, चौदा देतो," असे म्हणून त्यांनी कात्रीचे काम माझ्यावरच सोपवले. चोविसाची चौदा केली. तरी पाच चौकटींचे पान पाहून ते थांबले. "एकच चित्र पाच वेळा छापायचे आणि त्याचे मानधन मागता?" मी म्हटले, "एकदा पायऱ्या मोजून पाहा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट ठेवून पायऱ्या मोजल्या, दुसऱ्या चौकटीत मोजल्या, तिसरीत मोजल्या आणि पान बाजूला ठेवून म्हणाले, "राहू द्या. पण मानधन एकाच चित्राचे." त्यांनी दिले मात्र पूर्ण पानाचे.

छपाईत घात झाला. मंगामधली करडी छटा ही खरे तर बारीक काळ्या ठिपक्यांची जाळी असते. ती शुद्ध काळ्या-पांढऱ्या रूपात, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या दराने, जशीच्या तशी छापावी लागते. मुद्रणालयात माझी पाने जेपीजी करून, लहान करून लावली गेली, छपाईची स्वतःची जाळी त्यावर बसली, आणि मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर सरकावेत तशी लहरींची नक्षी साऱ्या आभाळभर उमटली. शिवाय युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना एका फुग्यातला 'र्‍या' फुटला आणि 'पायऱ्या' या शब्दाचे तीन तुकडे झाले. चौदा पानांत नेमका तोच शब्द. तेव्हापासून मी फुग्यांतली अक्षरे हाताने काढून चित्राचाच भाग करते आणि छपाईपूर्वी एका पानाचा नमुना हातात घेतल्याशिवाय होकार देत नाही.

अंक घरी आला तेव्हा आजीने दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसून, भिंग घेऊन, तो वाचला. आभाळातल्या लहरी तिला आवडल्या. त्या दिवशी ढग तसेच होते म्हणाली. पायऱ्यांच्या पानावर ती बराच वेळ होती. शेवटच्या चौकटीवर मी जिन्याच्या रुंदीभर 'खळाळ' असे लिहिले होते, करवतीच्या शिरोरेषेसकट, आणि मला त्या अक्षरांचा फार अभिमान होता.

"हे काय लिहिलंस?" तिने विचारले.

"पाण्याचा आवाज."

"आवाज नव्हता गं. आवाज बाहेर रस्त्यावर होता, माणसांचा. चौकात शिरलेलं पाणी गप्प होतं. बघता बघता पायरी नसायची." मग तिने भिंग त्या चौकटीवर पुन्हा धरले, पाण्याच्या वरची कोरडी पायरी शोधली आणि म्हणाली, "आणि इथे माझ्या चपला होत्या. नव्या होत्या, भिजू नयेत म्हणून मी खालून वर आणून ठेवल्या होत्या."

साठ वर्षांत हे तिने कोणालाच सांगितले नव्हते, बाबांनाही नाही. सध्या ही कथा पुस्तकासाठी पुन्हा पूर्ण २४ पानांत करते आहे. पाचव्या चौकटीतले 'खळाळ' काढले आहे आणि त्या जागी 'शीऽन' सुद्धा लिहिलेले नाही. सातवी पायरी पाण्याखाली आहे. आठवीवर, टाचा भिंतीकडे करून, अंगठ्याच्या चपलांचा एक जोड आहे; त्यांचे पट्टे कसे होते ते आजीला आठवेपर्यंत ती जागा पेन्सिलीतच ठेवली आहे.